संथ कन्सोल आणि खोळंबणारे नेटवर्क

महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेतील नेटवर्क अडखळू लागले की दोषाचा शोध ठरलेल्या क्रमाने सुरू होतो. आधी केबल बदलली जाते, मग स्विच, आणि शेवटी इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीकडे तक्रार जाते. परीक्षेचे अर्ज ऑनलाइन भरण्याची अखेरची तारीख असेल तर या शोधात विद्यार्थ्यांचा अख्खा दिवस वाया जातो. दरम्यान प्रयोगशाळेला इंटरनेटशी जोडणारा लिनक्स संगणक कोपऱ्यात चालू असतो आणि त्याच्या पडद्यावर ओळींमागून ओळी सरकत असतात. काहीतरी बिघडले आहे म्हणून हे संदेश येत आहेत, एवढाच अर्थ त्यांवरून काढला जातो. संदेश छापण्याच्या कामामुळेच नेटवर्क बिघडत असेल, ही शक्यता सहसा कोणाच्या मनात येत नाही. ही शक्यता मात्र खरी आहे, आणि ती एका मिनिटात तपासून पाहता येते.

लिनक्सच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. कर्नलला काही सांगायचे असले की तो 'प्रिंट-के' नावाच्या अंतर्गत सोयीचा उपयोग करतो. संदेश प्रथम स्मृतीतील एका राखीव जागेत लिहिला जातो; हे काम क्षणार्धात होते. त्यानंतर तो कन्सोलवर छापला जातो. कन्सोल म्हणजे संगणकाचा पडदा किंवा सिरियल पोर्ट, म्हणजेच ज्या जुन्या पद्धतीच्या जोडणीतून दुसऱ्या संगणकावर हे संदेश वाचता येतात ती. पडदा नसलेल्या सर्व्हरवर सिरियल कन्सोल आजही वापरात आहे.

उर्दू दैनिकांत संगणकावरील नस्तालीक येण्यापूर्वी कातिब हाताने मजकूर उतरवीत असे. बातम्या कितीही वेगाने येवोत, पान तयार होण्याचा वेग कातिबाच्या कलमाचाच. तरीही कातिब लिहीत असताना संपादक दुसरे काम करू शकत असे. कर्नलच्या जुन्या रीतीत ही मोकळीक नाही. ज्या प्रोसेसरने संदेश काढला, तोच बहुधा ओळ संपेपर्यंत अक्षरामागून अक्षर कन्सोलवर पाठवीत थांबतो, आणि तेवढ्या काळात इंटरप्ट, म्हणजे बाहेरून येणाऱ्या हाका, त्याच्यासाठी बंद असतात. नेटवर्क कार्ड 'पॅकेट आले आहे' असे सांगत राहते, पण ते ऐकायला कोणी नसते.

हा थांबा किती मोठा असतो ते आकड्यांतच पाहिले पाहिजे. लिनक्समध्ये सिरियल कन्सोलचा वेग वेगळा ठरवून दिला नाही तर तो ९६०० बॉड असतो. एका अक्षरासाठी आरंभ व समाप्तीचे बिट धरून १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरे. फायरवॉलने नोंदवलेली एक ओळ साधारण २०० अक्षरांची असते. ती छापायला सुमारे २०८ मिलिसेकंद लागतात. सेकंदाला पाच ओळी आल्या की छपाईलाच पूर्ण वेळ पुरत नाही. एकाच इमारतीतील दोन संगणकांमध्ये पॅकेट जाऊन परत यायला एक मिलिसेकंदही लागत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे २०८ हा आकडा किती मोठा आहे ते कळते.

याचा पुढचा परिणाम अधिक गंभीर आहे. १०० मेगाबिटच्या जोडणीवरून पूर्ण आकाराची सुमारे ८,१०० पॅकेटे दर सेकंदाला येऊ शकतात. अनेक नेटवर्क कार्डांची आवक रांग २५६ खणांची असते. पूर्ण भार असेल तर ती ३२ मिलिसेकंदांत भरते आणि नंतरची पॅकेटे टाकून दिली जातात. पॅकेट हरवले की टीसीपी त्याचा अर्थ 'मार्गात गर्दी आहे' असा लावते आणि स्वतःहून वेग कमी करते. त्यामुळे ओळ छापून झाल्यावरही काही काळ फाइल रेंगाळतच उतरते. केबल तपासणाऱ्याला त्यामुळे काहीच सापडत नाही, कारण केबल चांगलीच असते.

सिरियल पोर्टऐवजी पडदा असला तरी सुटका होतेच असे नाही. साध्या अक्षर-पडद्यावर ८० स्तंभ व २५ ओळी असतात. एक ओळ वर सरकवायला जेमतेम ४,००० बाइट हलवावे लागतात. तोच कन्सोल १०२४ बाय ७६८ च्या चित्रमय पडद्यावर, १६ बिट रंगांत चालवला तर एका पडद्याचा आकार १५ लाख ७२ हजार बाइटांवर जातो. मदतीला ग्राफिक्स कार्डाचा प्रवेगक नसेल तर प्रत्येक नव्या ओळीसाठी एवढा मजकूर हलवण्याचा किंवा नव्याने रेखाटण्याचा भार प्रोसेसरवर पडतो. सुंदर पडद्याची ही किंमत कोणी मोजत नाही.

एवढे संदेश येतात तरी कुठून? बहुतेक वेळा फायरवॉलच्या एखाद्या नियमातून. आयपीटेबल्समध्ये 'नाकारलेले प्रत्येक पॅकेट नोंदवा' असा नियम लिहिणे सोपे असते आणि शांत दिवशी तो निरुपद्रवी वाटतो. जानेवारी २००३ मध्ये पसरलेल्या स्लॅमर या किड्याने बाधित झालेले एकेक यंत्र १०० मेगाबिटच्या जोडणीवरून सेकंदाला सुमारे २६ हजारांपर्यंत पॅकेटे बाहेर फेकू शकत होते. सेकंदाला पाच ओळीही न पेलणाऱ्या कन्सोलसमोर असा पूर आला तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको. पॅकेट अडवण्याचे काम फायरवॉल व्यवस्थित करतो. त्याची वर्दी देण्यातच तो गुदमरतो.

निदान करण्यापूर्वी प्रॉक निर्देशिकेतील सिस, त्यातील कर्नल, त्यातील प्रिंट-के ही फाइल वाचून तिच्यातील चार आकडे कागदावर टिपून ठेवावेत. पहिला आकडा कन्सोलची मर्यादा सांगतो. संदेशांना ० ते ७ असे दर्जे असतात. ० म्हणजे सर्वांत तातडीचा, ४ म्हणजे इशारा, ७ म्हणजे केवळ तपासणीपुरता. मर्यादेपेक्षा लहान आकड्याचे संदेशच कन्सोलवर छापले जातात. मग शेजारच्या संगणकावरून या यंत्राला सतत पिंग करावे. उत्तराचा काळ एरवी एक मिलिसेकंदाखाली आणि पडद्यावर ओळी उमटताना एकदम शेकड्यात, असे दिसले तर संशय पक्का होतो. आता रूट अधिकाराने डीमेसेज (डी, एम, ई, एस, जी) ही आज्ञा 'उणे एन' आणि १ असे लिहून द्यावी. कन्सोल जवळजवळ गप्प होतो. स्मृतीतील व लॉग फाइलमधील नोंदी मात्र चालूच राहतात. पिंग त्याच क्षणी सरळ झाला तर दोष सापडला. न झाला तर टिपलेला आकडा परत द्यावा आणि केबलकडे वळावे. संगणक बंद-चालू करण्याची गरज या तपासणीत कुठेच पडत नाही. बंद-चालू केल्याने उलट पुरावाच नाहीसा होतो.

उपायांपैकी फायरवॉलच्या नियमाची दुरुस्ती आधी करावी. आयपीटेबल्सच्या नोंदीचा मूळ दर्जा ४ असतो आणि कन्सोलची मर्यादा पुष्कळदा ७, म्हणून प्रत्येक नोंद कन्सोलवर येते. नियमातच दर्जा ७ लिहिला की नोंद फाइलमध्ये जाते, कन्सोलवर येत नाही. त्याबरोबर 'लिमिट' ही अटही जोडावी, नाहीतर कन्सोल वाचेल पण डिस्क भरेल. या अटीचे मूळ प्रमाण तासाला ३ आणि आरंभी एकदम ५ असे आहे. प्रयोगशाळेसाठी ते फारच कंजूष आहे, मिनिटाला काही नोंदी ठेवाव्यात. एनएफटेबल्समध्ये लिहिण्याची पद्धत वेगळी असली तरी तत्त्व तेच आहे.

सिरियल कन्सोल आवश्यकच असेल तर बूटच्या ओळीत त्याचा वेग १,१५,२०० करावा. २०० अक्षरांची ओळ मग सुमारे १७ मिलिसेकंदांत जाते. पलीकडच्या संगणकावरही हाच वेग ठेवला पाहिजे, नाहीतर नुसती निरर्थक चिन्हे दिसतात. हार्डवेअर फ्लो कंट्रोल चालू ठेवून पलीकडची केबल काढून टाकणे ही तर खास फसवी चूक आहे. ऐकणारा कोणी नसताना ड्रायव्हर प्रत्येक अक्षरामागे सुमारे एक सेकंदापर्यंत परवानगीची वाट पाहू शकतो. कोणी केबल काढली हे कोणाला आठवत नाही, आणि सर्व्हर मात्र 'आपोआप' गोठतो.

कर्नल लिहिणाऱ्यांना ही अडचण माहीत आहे. २०१८ च्या ४.१६ आवृत्तीपासून एका प्रोसेसरवर साचलेले छपाईचे काम दुसरा प्रोसेसर उचलू शकतो. नोव्हेंबर २०२४ मधील ६.१२ आवृत्तीत रिअल-टाइम व्यवस्था मूळ लिनक्समध्ये आली, आणि तिच्यासाठी कन्सोलची छपाई स्वतंत्र थ्रेडकडे सोपवण्याची सोयही झाली. पण कन्सोलचा ड्रायव्हर या नव्या रीतीनुसार लिहिलेला नसेल तर काम जुन्याच मार्गाने होते. शिवाय प्रयोगशाळेतील गेटवे हा बहुधा जुनाच संगणक असतो, त्यावरील लिनक्सही जुनेच असते.

कन्सोल गप्प केला म्हणजे संदेशातील तक्रार मिटली असे समजू नये. 'नेबर टेबल ओव्हरफ्लो' असे पुन्हा पुन्हा येत असेल तर शेजारी यंत्रांचे पत्ते ठेवण्याची सारणी भरली आहे. 'कनेक्शन ट्रॅकिंग' ची सारणी भरल्याचा संदेश असेल तर नव्या जोडण्या खरोखरच नाकारल्या जात आहेत. दोन्ही वेळी लॉग फाइल उघडून कोणत्या पत्त्यावरून पॅकेटे येत आहेत ते पाहावे. पुष्कळदा तो पत्ता त्याच खोलीतील एखाद्या बाधित संगणकाचा निघतो.

डीमेसेजने केलेला बदल संगणक पुन्हा सुरू होईपर्यंतच टिकतो. म्हणून तो सिस-सीटीएलच्या फाइलमध्ये कायमचा नोंदवावा, आणि वर्ग नसतील अशा वेळी संगणक एकदा मुद्दाम बंद-चालू करून, प्रिंट-के फाइलमधील पहिला आकडा आपण लिहिला तोच आहे ना हे पाहावे.