टांकीचें अजीर्ण

मुळा-मुठेच्या उत्तर तीरावरील खराडी हें गांव १९९७ सालीं पुणें महानगरपालिकेच्या हद्दींत आलें. पुढें नगर रस्त्याच्या आजूबाजूस संगणक-कंपन्यांच्या कांचेच्या इमारती उठल्या आणि शेतांच्या जागीं उंच बिऱ्हाडें झालीं. गोठे गेले, शेण गेलें. राहिलें तें खरकटें. २०१६ सालच्या नियमांनीं शंभर किलोंहून अधिक कचरा रोज करणाऱ्या संस्थांवर ओला कचरा शक्यतों आवारांतच जिरविण्याची जबाबदारी टाकली. कोणीं खताचे खड्डे केले. कोणीं गॅसची टांकी बसविली.

या टांक्यांचा अनुभव बहुधा एकच. प्रथम कौतुक, मग दुर्गंधि, मग कुलूप. यंत्र वाईट व विकणारा लबाड, असा निकाल लागून प्रकरण मिटतें. मला तो निकाल मान्य नाहीं. टांकी हें यंत्र नव्हेच, तें पोट आहे. आणि त्यांत राहणाऱ्या जिवांची भूक ज्यास ठाऊक नाहीं, त्याच्या हातून तिला अजीर्ण व्हावयाचेंच.

ही विद्या आपल्याकडे जुनी आहे. मुंबईस माटुंग्याच्या महारोग्यांच्या आश्रमांत १८९७ सालीं मैल्याच्या टांक्यांवर गॅस धरण्याची सोय केलेली होती. कांहीं पुस्तकांत हें साल १८५९ असें छापलेलें आढळतें. परंतु तो आश्रमच मुळीं १८९० सालीं निघाला, तेव्हां तें मानण्याचें कारण नाहीं. (आश्रम काढणारे ॲक्वर्थ साहेब म्हणजे शाळिग्रामांसह पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध करणारेच ते गृहस्थ, हें आपल्या वाचकांस कळल्यास बरें वाटेल.) पुण्यांत महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीनें १९४६ सालीं काढलेल्या, आज आघारकरांच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या संस्थेंत मिथेन करणाऱ्या सूक्ष्मजीवांचा अभ्यास पुष्कळ वर्षें झालेला आहे. डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेनें तर खरकट्यावर चालणारी लहानशी घरगुती टांकी सिद्ध केली, आणि तिला २००६ सालीं इंग्लंडांतील ॲशडेन पारितोषिक मिळालें. कल्पना इतकी साधी कीं आधीं कशी सुचली नाहीं, असें वाटावें. शेण म्हणजे गाईनें एकदां पचविलेलें अन्न. त्यांतलें सत्त्व बव्हंशीं तिनेंच घेतलेलें असतें. दोन किलो पिठूळ अन्नापासून होणाऱ्या गॅससाठीं शेण चाळीस किलो लागेल, असा संस्थेचा हिशेब आहे.

पण जें लौकर पचतें तेंच लौकर आंबतें. सारी अडचण येथेंच आहे.

टांकींत प्राणवायूस मज्जाव असतो. त्या काळोखांत पहिले जीव भातांतील पिष्ट, डाळींतील प्रथिनें आणि तेलतूप फोडून पाण्यांत विरघळवितात. दुसरे त्यांचीं आम्लें करतात. शिळ्या लोण्यास ज्याचा खवट वास येतो तें आम्ल त्यांपैकींच. तिसरे या आम्लांपासून सिरक्यांतील आम्ल व हायड्रोजन काढतात. सर्वांच्या शेवटीं मिथेनकर जेवतात. शंभर भाग गॅसांत पंचावन ते पासष्ट भाग मिथेन असतो तो यांचा. उरलेला बहुतेक कार्बन डाय-ऑक्साइड. हे मिथेनकर दिसावयास जीवाणूंसारखे, पण कुळ निराळें, हें १९७७ सालीं अमेरिकेंत वूस व फॉक्स यांनीं दाखविलें.

यांतल्या तिसऱ्या व चौथ्यांचा संबंध मला विलक्षण वाटतो. रशियन शास्त्रज्ञ ओमेलियान्स्की यांच्या नांवानें ओळखला जाणारा एक मिथेनकर शास्त्रज्ञांनीं सुमारें पाव शतक एकच जीव म्हणून बाळगला होता. १९६७ सालीं ब्रायंट व त्यांचे सहकारी यांनीं उघड केलें कीं तो एक नसून दोन आहेत. एक मद्यार्कापासून सिरकाम्ल व हायड्रोजन करतो. दुसरा तो हायड्रोजन तत्काळ खातो. हायड्रोजन सांठला तर पहिल्याचें काम अडतें. पहिल्यानें काम थांबविलें तर दुसरा उपाशी राहतो. समासांतील पदांप्रमाणें दोघे असे जडले होते कीं विग्रह करण्याचें कोणाच्या मनांत आलें नाहीं.

आतां आंबणें कसें होतें तें पाहूं. आम्ल करणारे जीव कांहीं तासांत दुप्पट होतात. मिथेनकरांस त्यासाठीं कित्येक दिवस लागतात. खाणें एकदम वाढलें कीं आम्लांचा ढीग पडतो. आंबटपणानें मिथेनकर आणखी मंदावतात, आणि ढीग आणखी वाढतो. आमच्या आवारांत असेंच झालें. गणपतीच्या दिवसांत प्रसादाचें व पंगतींचें उरलेलें सर्व अन्न व्यवस्थापक मंडळींनीं टांकींत लोटविलें, अधिक घातल्यास अधिक गॅस मिळेल अशा हिशेबानें. चौथ्या दिवशीं ज्योत निळी राहीना, सहाव्या दिवशीं शेगडी पेटेना. आणि खालचें झांकण उघडतांच खवट वासानें दोन जिने रिकामे झाले. दोष लागला तो टांकी पाहणाऱ्या पोराला. त्यानें बिचाऱ्यानें हुकुमाप्रमाणें बादल्या ओतल्या होत्या.

उपाय वैद्यकांतलाच, लंघनाचा. खाणें बंद करावें. आंबटपणा मोजण्याची कागदी पट्टी औषधी-रसायनांच्या दुकानांत मिळते. तिच्यावर अंक सातच्या आसपास असावा, साडेसहाच्या खालीं गेल्यास धोका समजावा. खाण्याचा सोडा थोडा थोडा मिसळावा, आणि ताज्या शेणाचें पाणी घालावें, कारण गाईच्या पोटांतले मिथेनकर त्याबरोबर येतात. आम्हांस तें वाघोलीकडच्या एका गोठ्यांतून आणवावें लागलें. गोण्यांचें भाडें शेणाहून महाग पडलें. पंधरवड्यानें ज्योत परतली.

आतां बादली तोलून दिली जाते, आणि सणासुदीचें जास्तीचें अन्न खताच्या खड्ड्यांत जातें. लिंबांचीं सालें, फिनेलचें पाणी, औषधांच्या उरलेल्या गोळ्या, करवंट्या व हाडें टांकींत जाऊं द्यावयाचीं नाहींत, अशी पाटी लागली आहे. पौष-माघांत थंडीनें गॅस कमी उतरतो. सुमारें पस्तीस अंश उष्णता या जिवांस मानवते. त्या दिवसांत बादली निम्मी करावयाची, हें पाटीवर लिहावयाचें राहिलें होतें, तें परवां त्याच पोरानें खडूनें खालीं लिहिलें.