जंगलातल्या जुन्या गाड्या: इंजिन आणि इंधनाचा बिघाड कसा शोधावा

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला असलेला चंद्रपूर आणि 26 ऑगस्ट 1982 रोजी त्यातून वेगळा झालेला गडचिरोली हे दोन्ही जिल्हे जंगल, खाणी आणि मोठ्या नद्यांनी व्यापलेले असून, तेथील कच्च्या-पक्क्या रस्त्यांवर उंच बांधणीच्या दणकट जीपगाड्यांवाचून आजही अनेकांचे काम भागत नाही. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या मोहर्ली, कोलारा, नवेगाव या प्रवेशद्वारांतून पर्यटकांना आत नेणारी उघडी जिप्सी आणि आलापल्ली, एटापल्ली, भामरागड, सिरोंचा या भागांत माणसे व सामान वाहणारी बोलेरो या एमएच 34 आणि एमएच 33 क्रमांकांच्या गाड्यांतील ओळखीच्या गाड्या होत. जिप्सी 1985 मध्ये बाजारात आली आणि 2018 च्या अखेरीस तिची मागणी नोंदवून घेणे थांबले. बोलेरो 2000 पासून विकली जात आहे. त्यामुळे वापरात असलेल्या अनेक गाड्यांनी दहा-पंधरा वर्षे सहज ओलांडली आहेत.

आलापल्लीहून भामरागडकडे जाणारा सुमारे 65 किलोमीटरचा रस्ता बहुतांश जंगलातून जातो. हेमलकशाच्या लोक बिरादरी प्रकल्पाच्या रुग्णालयाकडे रुग्णाला घेऊन निघालेली गाडी अशा रस्त्यावर बंद पडली, तर तो केवळ खोळंबा राहत नाही. म्हणूनच या भागात बिघाडाचे अचूक निदान ही चैन नसून गरज आहे. प्रत्यक्षात मात्र निदानाची जागा बहुधा अंदाज घेतो: आज फिल्टर, उद्या पंप, परवा नोझल असे सुटे भाग बदलले जातात, खर्च वाढत जातो आणि मूळ दोष तसाच राहतो. हे टाळण्यासाठी महागड्या यंत्रांपेक्षा तपासणीचा क्रम अधिक उपयोगी पडतो.

इंजिनाला काय लागते

पेट्रोल इंजिन चालण्यासाठी योग्य प्रमाणात हवा व इंधन, पुरेसा दाब आणि योग्य क्षणी पडणारी ठिणगी या गोष्टी आवश्यक असतात. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी साधारण 14.7 किलो हवा लागते, आणि हे प्रमाण बिघडले की इंजिन अडखळू लागते, ज्याला मिस्त्री मंडळी ‘मिसिंग मारणे’ म्हणतात. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. तेथे हवा दाबून तिचे आकारमान मूळच्या सुमारे पंधराव्या ते तेविसाव्या भागाइतके केले जाते, त्या दाबाने ती 500 अंश सेल्सियसहून अधिक तापते आणि तीत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. यावरून दोन्ही प्रकारांतील तपासणीची दिशा ठरते: पेट्रोल गाडीत प्रथम ठिणगी आणि इंधन पाहावे, तर डिझेल गाडीत प्रथम इंधनाची वाट आणि तीत शिरलेली हवा पाहावी. दोन्हींत दाबाची तपासणी शेवटी येते, कारण दाब कमी निघाल्यास रिंग, पिस्टन किंवा व्हॉल्व्ह यांचे मोठे काम निघते आणि तो निष्कर्ष घाईने काढणे परवडणारे नसते.

पेट्रोल गाडी: प्लग काय सांगतो

सेल्फ मारल्यावर इंजिन फिरते पण सुरू होत नाही, अशा वेळी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बोलकी तपासणी म्हणजे काही वेळ सेल्फ मारून झाल्यावर स्पार्क प्लग काढून पाहणे. प्लगचे टोक पेट्रोलने ओले असेल, तर सिलिंडरपर्यंत इंधन पोहोचते आहे आणि दोष बहुधा ठिणगीचा, म्हणजे प्लग, कॉइल, प्लगच्या वायर किंवा जुन्या पद्धतीच्या गाडीत डिस्ट्रिब्युटर यांचा असतो. टोक कोरडे असेल, तर इंधनच पोहोचत नाही आणि शोध टाकी, पंप व फिल्टर यांच्याकडे वळवावा लागतो. चालू गाडीतून काढलेल्या प्लगचा रंगही उपयोगी असतो: फिकट तपकिरी रंग निरोगी ज्वलन दाखवतो, कोरडी काळी काजळी इंधन जास्त व हवा कमी असल्याचे सांगते, तेलकट काळा थर इंजिन ऑइल ज्वलनकक्षात शिरत असल्याची खूण असते, तर पांढरट, भाजल्यासारखे टोक अति उष्णता किंवा इंधनाची कमतरता सुचवते. मात्र व्याघ्र प्रकल्पात गाडी तासन् तास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये संथ चालते किंवा प्राण्याची वाट पाहत उभी राहते. अशा वापरात प्लग पुरेसा तापत नाही आणि त्यावर काजळी साचते. त्यामुळे काळा प्लग दिसला म्हणून लगेच इंधनयंत्रणा खोलण्यापेक्षा प्लग साफ करून, गाडी मोकळ्या रस्त्यावर काही अंतर नेहमीच्या वेगाने चालवून, मग पुन्हा पाहणे शहाणपणाचे ठरते.

जुन्या जिप्सीत कार्बुरेटर असे, म्हणजे हवेच्या ओढीने पेट्रोल बारीक छिद्रांतून, अर्थात जेटमधून, वर खेचले जाई. नंतरच्या गाड्यांत एमपीएफआय पद्धत आली, जीत टाकीतील विजेचा पंप पेट्रोल दाबाने पाठवतो आणि संगणकीय नियंत्रक इंजेक्टर उघडतो. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो तेव्हा कार्बुरेटरच्या गाडीत पेट्रोलची नळीतच वाफ होऊन पुरवठा तुटतो. याला वाफेचा अडथळा म्हणतात आणि त्याची खूण अशी की गरम इंजिन बंद केल्यावर लगेच सुरू होत नाही, पण निवल्यावर काही झालेच नाही अशा रीतीने चालू होते. एमपीएफआय गाडीत दाबामुळे हा त्रास कमी होतो, परंतु टाकीतील पंप सभोवतीच्या पेट्रोलनेच थंड राहत असल्याने, सतत तळाशी टेकलेल्या टाकीवर गाडी चालवल्यास त्याचे आयुष्य घटते. किल्ली फिरवताच टाकीकडून दोन-तीन सेकंद गुणगुण ऐकू आली पाहिजे. ती आली नाही तर पंप बदलण्यापूर्वी फ्यूज, रिले आणि अर्थिंगची वायर पाहावी. आवाज येऊनही गाडी चढावर रेस घेत नसेल, तर दाबमापक लावून इंधनाचा दाब मोजावा, कारण तुंबलेला फिल्टर आणि थकलेला पंप यांची लक्षणे सारखीच असतात.

डिझेल गाडी: हवा, पाणी आणि गाळ

जुन्या बोलेरोतील यांत्रिक डिझेल पंपाचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे नळीत शिरलेली हवा. टाकीपासून पंपापर्यंतचा मार्ग ओढीवर चालत असल्याने तेथे बारीक चीर असली तरी डिझेल बाहेर गळतेच असे नाही, उलट बाहेरची हवा आत ओढली जाते. गाडी सकाळी बराच वेळ सेल्फ मारल्यावर सुरू होते, थोडी चालून बंद पडते, आणि मिस्त्री म्हणतो की तिने ‘एअर घेतली’. याची खात्री करण्यासाठी फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये पारदर्शक नळीचा तुकडा जोडतात. इंजिन चालू असताना त्यातून बुडबुडे जाताना दिसले, तर पंप निर्दोष असून दोष त्याच्या मागच्या नळ्या, क्लॅम्प किंवा फिल्टरच्या वॉशरमध्ये आहे, हे डोळ्यांनी पटते. हवा काढण्यासाठी फिल्टरच्या डोक्यावरील स्क्रू सैल करून हातपंप दाबत राहावे लागते. प्रथम फेस येतो, मग बुडबुडे आणि शेवटी अखंड धार येऊ लागते, आणि धार वाहत असतानाच स्क्रू आवळावा लागतो.

पाणी हा दुसरा शत्रू. रात्रीच्या गारव्यात अर्धवट रिकाम्या टाकीच्या आतल्या भिंतींवर दव साचते, आणि पेट्रोलपंप दूर असलेल्या गावांत कॅन किंवा ड्रममधून इंधन भरताना पाणी व धूळ दोन्ही आत जाण्याची शक्यता असते. फिल्टरच्या तळाचा निचरा-स्क्रू सैल करून थोडे डिझेल स्वच्छ काचेच्या बाटलीत घ्यावे आणि अर्धा तास न हलवता ठेवावे. पाणी जड असल्याने तळाशी बसते व दोन्ही थरांमधली रेषा स्पष्ट दिसते. गाळ असेल तर तोही तळाशी जमतो. असे पाणी पंपाच्या व नोझलच्या अत्यंत बारीक मापाच्या पृष्ठभागांना गंज चढवते, आणि मग नोझल फवारा मारण्याऐवजी थेंब गाळू लागते. ही तपासणी काही रुपयांची आहे, पंपाची दुरुस्ती मात्र हजारोंची.

नंतरच्या कॉमन रेल पद्धतीच्या गाड्यांना हा यांत्रिक पंपाचा अनुभव जसाच्या तसा लावता येत नाही. त्यांच्यात डिझेलचा दाब 1000 बारपेक्षाही वर जातो आणि इंजिन चालू असताना उच्चदाबाची नळी सैल केल्यास सुटलेली धार कातडी भेदून शरीरात शिरू शकते, म्हणून ते काम साधने असलेल्या कार्यशाळेतच करावे.

धूर आणि धूळ

धुराचा रंग हे निदानाचे जुने पण विश्वासार्ह साधन आहे. काळा धूर म्हणजे इंधनाच्या मानाने हवा कमी. त्यामागे तुंबलेला एअर फिल्टर, बिघडलेले नोझल किंवा टर्बोच्या फुटलेल्या पाइपातून निसटणारी हवा असू शकते. निळसर धूर ऑइल जळत असल्याचे दाखवतो. पांढरा धूर थंड सकाळी थोडा वेळ येऊन थांबला तर चिंतेचे कारण नसते, पण तो टिकून राहिला आणि रेडिएटरमधील पाणीही घटू लागले, तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी.

या दोन जिल्ह्यांत काळ्या धुराचे मूळ बऱ्याचदा धुळीत सापडते. घुग्घुस, बल्लारपूर, राजुरा परिसरातील कोळशाची बारीक पूड आणि एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या लोहखनिजाची लाल धूळ एअर फिल्टर लवकर भरून टाकते, त्यामुळे कंपनीच्या पुस्तिकेतील फिल्टर बदलण्याचे अंतर येथे तसेच लागू पडत नाही. फिल्टरइतकेच महत्त्व आहे फिल्टर आणि इंजिन यांमधील रबरी नळीचे, कारण ती चिरली असेल तर धूळ न गाळता थेट सिलिंडरमध्ये जाते आणि रिंग व सिलिंडरच्या भिंती घासून काढते. नळीच्या आतून बोट फिरवल्यावर त्याला धूळ लागली, तर चीर शोधल्याशिवाय गाडी बाहेर काढू नये.

पावसाळा आणि बदललेले इंधन

भामरागडजवळची पर्लकोटा नदी पावसाळ्यात पुलावरून वाहू लागली की तालुक्याचा संपर्क तुटतो. पाण्यातून जाताना इंजिन अचानक बंद पडले, तर पुन्हा सेल्फ मारण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये शिरले असेल, तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी एअर फिल्टर उघडून तो ओला आहे का ते पाहावे, आणि ओला असल्यास प्लग किंवा नोझल काढून पाणी बाहेर पडू दिल्यावरच इंजिन फिरवावे.

ताडोबाचे गाभा क्षेत्र जुलै ते सप्टेंबर या काळात पर्यटनासाठी बंद असते आणि अनेक जिप्सी तेवढा काळ उभ्या राहतात. केंद्र सरकारने फेब्रुवारी 2023 मध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची विक्री सुरू केल्यापासून या विश्रांतीला नवे महत्त्व आले आहे, कारण इथेनॉल पाणी शोषून घेते आणि पाणी प्रमाणाबाहेर वाढले की ते इथेनॉलसह वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. जुन्या रबरी नळ्या व सील इथेनॉलचा विचार करून बनवलेल्या नव्हत्या, तर जुन्या टाकीतील सुटलेला गाळ फिल्टरमध्ये येऊन अडकतो. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असल्याने मायलेज थोडे घटणे हा बिघाड नव्हे. मात्र नळ्या मऊ पडणे, पेट्रोलचा वास येणे किंवा फिल्टर वारंवार तुंबणे याकडे दुर्लक्ष करू नये.

स्कॅनर आणि माणूस

नंतरच्या गाड्यांना स्कॅनर जोडून नियंत्रकाने नोंदवलेले दोषसंकेत वाचता येतात. परंतु संकेत लक्षण सांगतो, कारण नव्हे. मिश्रणात इंधन कमी असल्याचा संकेत ऑक्सिजन सेन्सरकडून आला तरी मूळ दोष इनटेकच्या चिरलेल्या नळीत किंवा तुंबलेल्या इंधन फिल्टरमध्ये असू शकतो, आणि अशा वेळी सेन्सर बदलल्यास पैसा वाया जातो.

गाडीमालकाने बिघाड कधी होतो हे नीट टिपून ठेवावे: इंजिन थंड असताना की गरम, चढावर की सपाटीवर, इंधन भरल्यानंतर की पाऊस पडल्यावर. ही माहिती मिस्त्रीचे निम्मे काम करते. मिस्त्रीनेही भाग बदलण्यापूर्वी तो बिघडल्याचा पुरावा दाखवावा, आणि ग्राहकाने तो निःसंकोच मागावा. आधी हवा, इंधन, वायर आणि अर्थिंग, मग दाब, आणि सर्वांत शेवटी इंजिन उघडणे, हा क्रम पाळला तर जंगलातल्या या जुन्या गाड्या अजून पुष्कळ वर्षे भरवशाने चालू शकतील.