पिल्लाच्या बुडाला विष्ठा चिकटली? ओढू नका, आधी भिजवा. मग बल्ब तपासा

गिरीराज, वनराज किंवा कावेरीची एक दिवसाची पिल्ले खोक्यातून घरी येतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यातले एखादे पंख पाडून कोपऱ्यात उभे दिसते, सारखे चिवचिवते. उचलून पाहिले तर शेपटीखाली विष्ठेचा वाळलेला गोळा. गुदद्वार असे बंद झाले की विष्ठा आत साचते, पिल्लू खाणे सोडते आणि एक-दोन दिवसांत दगावू शकते. वेळीच लक्ष गेले तर उपचार घरच्या घरी, दहा मिनिटांत होतो.

आधी जागा नीट ओळखा

गुदद्वार शेपटीच्या लगेच खाली असते. बेंबी त्याच्या पुढे, पोटावर असते आणि तिथे पहिले काही दिवस काळी सुकी खपली किंवा दोऱ्यासारखा तुकडा दिसतो. घाण समजून तो ओढला तर जखम होते, आतडेही बाहेर येऊ शकते. ती खपली आपोआप गळते, तिला हात लावायचा नाही. बेंबी ओली, सुजलेली असेल किंवा तिला वास येत असेल तर तो संसर्ग आहे. तिथे घरगुती उपाय चालत नाहीत.

विष्ठेवर थोडा पांढरा भाग दिसणे मात्र नेहमीचे आहे. कोंबडीची लघवी वेगळी होत नाही, ती अशीच बाहेर पडते.

स्वच्छ कसे करायचे?

वाटीत कोमट पाणी घ्या. मनगटावर टाकल्यावर चटका बसू नये, गारही लागू नये. कापसाचा बोळा भिजवून गोळ्यावर दोन-तीन मिनिटे धरून ठेवा, गार झाला की बदला. गोळा मऊ झाला की हळूहळू पुसून काढा. घाईने ओढला तर त्याबरोबर लव आणि कातडी निघते. रक्त दिसले की बाकीची पिल्ले तिथेच चोची मारतात आणि साधा त्रास जिवावर बेततो. अशा पिल्लाला जखम भरेपर्यंत वेगळे ठेवा.

पूर्ण पिल्लू पाण्यात बुडवू नका. साफ झालेला भाग मऊ कापडाने टिपा, खोबरेल तेलाचा किंवा व्हॅसलिनचा अगदी पुसट हात द्या आणि पिल्लू लगेच उबेत ठेवा. ओले पिल्लू गारठले तर केलेली मेहनत वाया जाते. पहिला आठवडा सकाळ-संध्याकाळ सगळ्यांची बुडे बघा, कारण तीच पिल्ले पुन्हा चिकटतात.

मुळात होते कशामुळे?

बहुतेक वेळा ऊब चुकल्यामुळे. प्रवासातला गारठा, पाण्याविना गेलेले तास किंवा उलट बल्बची जास्त आच, या सगळ्याचा ताण थेट पोटावर येतो. खुडूक कोंबडीच्या पंखाखाली वाढणाऱ्या पिल्लांत हा त्रास क्वचितच दिसतो. थंडी वाजली की ती आत शिरतात, गरम झाले की बाहेर पडतात. ही सोय आपल्याला खोक्यात करून द्यायची असते.

पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर ३३ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान हवे, पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी. थर्मामीटर नसेल तर पिल्लेच सांगतात. बल्बखाली एकमेकांवर चढली तर थंडी आहे, लांब जाऊन चोच उघडी टाकून धापा टाकली तर उष्णता जास्त. सगळीकडे पसरून टिपत असली तर ठीक. आता घरोघरी एलईडी दिवे आहेत, त्यांची ऊब पिल्लांना पुरत नाही. जुना पिवळा बल्बच लागतो, आणि रात्री वीज जाणार असेल तर गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून तयार ठेवावी.

आल्या आल्या आधी स्वच्छ, किंचित कोमट पाणी द्या, मग खाद्य. पहिला दिवस मक्याचा बारीक भरडा दिल्यास विष्ठा कमी चिकटते, त्यानंतर चिक मॅश. गुळाचे पाणी प्रवासाने थकलेल्या पिल्लांना पहिले काही तास पुरे. दिवसेंदिवस दिले तर पोट उलट पातळ होते.

घरी थांबू नये असे कधी?

वीस पिल्लांत एक-दोन चिकटली तर वरचे उपाय पुरतात. बरीच पिल्ले एकदम चिकटली, विष्ठा चुन्यासारखी पांढरी आहे आणि रोज मरतूक होते आहे, तर पुलोरम या जिवाणूजन्य रोगाचा संशय घ्यावा. विष्ठेत रक्त दिसले तर रक्ती हगवण असू शकते. ती बहुधा तिसऱ्या आठवड्यानंतर दिसते. दोन्हींत दुकानातून अंदाजाने अँटिबायोटिक आणून पाण्यात टाकणे हा सर्वांत वाईट उपाय. नुकतेच मेलेले पिल्लू पिशवीत बांधून पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या किंवा १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर विचारा.

पिल्लांच्या विष्ठेतले काही जिवाणू माणसालाही हगवण लावतात. म्हणून वाटी वेगळी ठेवा, स्वयंपाकघराच्या मोरीत पिल्लू धुऊ नका आणि नंतर साबणाने हात धुवा. पुलोरममधून वाचलेल्या कोंबड्या वरून ठणठणीत दिसतात, पण त्यांच्या अंड्यांतून रोग पुढच्या पिल्लांत जातो. त्यामुळे त्यांची अंडी खुडूक कोंबडीखाली उबवायला ठेवू नका.