ठोका आणि ठोसा

हाणामारीचे चित्रपट आणि विद्युत्-यंत्रांवर घडवलेले नृत्यसंगीत या दोन गोष्टींची निर्भर्त्सना सुशिक्षित घरांतून सहसा एकाच दमात केली जाते. एकीत कथा नसते, दुसरीत चाल नसते. एकीत माणसे पडतात, दुसरीत कान किटतात. आणि दोन्हींत तेच ते पुनःपुन्हा घडते, असा आरोप असतो. आरोप जुनाच आहे. मूकपटांच्या काळात मास्टर विठ्ठल तलवारीचे हात करीत, किंवा १९३५ साली ‘हंटरवाली’ नादिया चाबूक उगारून घोड्यावर बसली, तेव्हाही त्या पटांची गणना अभिजात कलेत कोणी केली नव्हती. प्रेक्षकांनी मात्र गर्दी केली.

या दोन करमणुकींचा उल्लेख असा जोडीने होतो, त्याला टीकाकारांच्या ध्यानात न आलेला एक आधार आहे. त्या एकमेकींच्या सख्ख्या नात्यातल्या आहेत. २०१५ च्या ‘मॅड मॅक्स : फ्युरी रोड’ या चित्रपटाला संगीत देणारे टॉम होल्केनबोर्ग हे हॉलंडचे गृहस्थ ‘जंकी एक्सएल’ या नावाने नृत्यगृहांसाठी ध्वनिमुद्रिका करीत आलेले. ‘जॉन विक’ या २०१४ च्या चित्रपटातील सर्वांत गाजलेली झुंज नृत्यगृहातच घडते, आणि तिथे गोळ्यांचा व नर्तकांच्या पावलांचा ठेका एकच असतो. हे नाते काय आहे हे समजून घेतले, म्हणजे यांतले चांगले कोणते आणि टाकाऊ कोणते हे ठरवण्यास एक माप हाती येते.

आधी संगीताकडे पाहू. त्याचा पाया अगदी साधा आहे. चार मात्रांचे आवर्तन, प्रत्येक मात्रेवर खर्जातला एक ठोका, आणि मिनिटाला साधारण १२० ते १३० ठोके. जर्मनीतील ड्युसेलडोर्फच्या ‘क्राफ्टवेर्क’ या मंडळीने १९७४ च्या ‘आउटोबान’मधून यंत्रसंगीत लोकांपर्यंत नेले. १९७७ साली म्युनिकमध्ये जॉर्जो मोरोडर यांनी डोना समरच्या आवाजाखाली जवळजवळ संपूर्ण यंत्रघटित लय घातली. पुढे शिकागो शहरातील ‘वेअरहाउस’ या नृत्यगृहात फ्रँकी नकल्स तबकड्या वाजवू लागले, आणि त्या नृत्यगृहाच्या नावावरूनच ‘हाउस’ हा प्रकार ओळखला जाऊ लागला. तिथे येणारे बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय आणि समलिंगी होते, म्हणजे शहराच्या इतर रंगमहालांत ज्यांचे मनापासून स्वागत होत नसे असे. मोटारींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या डेट्रॉइटमध्ये ह्वान ॲटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन साँडरसन या तिघा तरुणांनी ‘टेक्नो’ला आकार दिला. या संगीताला श्रीमंतांचा चाळा समजणाऱ्यांनी ही वंशावळ लक्षात ठेवावी.

यंत्रांची कथा तर याहून मौजेची आहे. जपानच्या रोलंड कंपनीने १९८० च्या सुमारास दोन पेट्या बाजारात आणल्या. एक तालाची, ८०८ क्रमांकाची; दुसरी खर्जाच्या स्वरांची, ३०३ क्रमांकाची. एकट्याने गिटारचा सराव करणाऱ्याला साथीदाराची उणीव भासू नये, हा दुसरीचा हेतू. तिचा आवाज खऱ्या गिटारसारखा मुळीच नव्हता. ती खपली नाही आणि काही वर्षांतच तिचे उत्पादन थांबले. जुन्या बाजारात पडून राहिलेल्या त्या पेट्या शिकागोच्या तरुणांनी स्वस्तात घेतल्या, तिच्या खुंट्या नको तितक्या पिळल्या, आणि १९८७ साली त्या चिरक्या, वळवळत्या स्वरातून ‘ॲसिड’ नावाचा नवा प्रकार जन्मला.

परंतु त्याच दोन पेट्या त्याआधी पाच वर्षे मुंबईत एकत्र आल्या होत्या. चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली यमन, मालकंस, भैरव, मेघमल्हार असे दहा राग या यंत्रांवर, डिस्कोच्या ठेक्यात बसवले आणि त्यांची तबकडी निघाली. ती कोणी फारशी विकत घेतली नाही. २०१० साली ती पुन्हा प्रसिद्ध झाली, तेव्हा युरोपातले जाणकार चकित झाले. शिकागोचा मानला जाणारा ध्वनी मुंबईत आधीच घुमून गेला होता. चरणजित सिंग यांचे २०१५ साली निधन झाले. शिकागोच्या मंडळींनी त्यांचे अनुकरण केले असे म्हणण्यास आधार नाही; दोन ठिकाणी दोन स्वतंत्र माणसांना एकाच यंत्रातले मर्म सापडले, एवढेच. पण राग आणि यंत्र यांचे वैर असते या समजुतीला मात्र ही तबकडी चांगले उत्तर आहे.

आता ‘तेच ते’ या आक्षेपाविषयी. जात्यावरची ओवी तेच ते करते. वारीतला टाळ तेच ते करतो. पुनरावृत्ती मनाला सैल करते, आणि मग लहानसा फरकही मोठा वाटू लागतो. नृत्यसंगीताचा रचनाकार हेच तत्त्व वापरतो. सोळा किंवा बत्तीस आवर्तने एकच ठेका चालतो. मग तो खर्जाचा ठोका अकस्मात काढून घेतला जातो. पायांखालची जमीन सरकल्यासारखे होते. वरच्या ढोलकाचे आघात आधी बरोबरीने, मग दुगुणीने, मग चौगुणीने पडू लागतात. मूळ लय बदललेली नसते, पण दाटी वाढते. एक क्षण सारे थांबते. आणि मग खर्ज परत येतो. नृत्यगृहात या क्षणाला ‘ड्रॉप’ म्हणतात. हजारो माणसे त्या एका ठोक्यावर एकदम उसळतात.

संगीताच्या बैठकीला बसलेल्या श्रोत्याला हा अनुभव परका नाही. तबलजी तिहाई घेतो, एकच बोल तीनदा फिरवतो, आणि तिसऱ्याचा शेवटचा आघात समेवर टाकतो. त्या क्षणी सभागृहातल्या साऱ्या माना एकदम हलतात. दोन्हीकडे आनंद एकाच गोष्टीचा आहे: पुढे काय येणार हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते, आणि ते लांबवले जाते. भेद मोठा आहे तो हा, की तबलजीची तिहाई दर वेळी निराळ्या वाटेने समेला येते आणि कधी कधी चुकवूनही गंमत करते. सुमार नृत्यसंगीताला एकच वाट ठाऊक असते. गेल्या पंधरावीस वर्षांत महोत्सवांच्या प्रचंड मंचांसाठी जे पुष्कळसे संगीत निघाले, त्यात दर दोन मिनिटांनी तोच जिना आणि तोच कडेलोट आहे. वाट पाहायला लावण्याइतका धीर रचनाकारापाशी नसला, की समेचे मोल राहत नाही.

चांगल्या चित्रपटातील झुंज याच नियमाने चालते. टॉम टिकव्हर यांचा ‘रन लोला रन’ हा १९९८ चा जर्मन चित्रपट याचे उघड उदाहरण आहे. लोलाला वीस मिनिटांत एक लाख मार्क मिळवायचे आहेत. ती बर्लिनच्या रस्त्यांतून धावते, आणि तीच धाव चित्रपट तीनदा सांगतो. पार्श्वभूमीला टेक्नोचा अखंड ठेका. जिन्यावरच्या क्षणभराच्या विलंबाने साऱ्यांचे नशीब पालटते. मुख्य आवर्तन तेच, फरक कणभर, परिणाम मणभर.

‘फ्युरी रोड’ ही तर धाव आणि परतीची धाव, एवढीच कथा. दोन तासांच्या या चित्रपटात सुमारे २७०० तुकडे जोडलेले आहेत. एवढ्या तुकड्यांनी एरवी डोळे गरगरले असते. दिग्दर्शक जॉर्ज मिलर यांनी छायालेखक जॉन सील यांना एक सूचना दिली होती: पाहण्याची वस्तू नेहमी चौकटीच्या मध्यभागी ठेवावी. त्यामुळे तुकडा बदलला तरी नजरेला शोधाशोध करावी लागत नाही. संकलक मार्गारेट सिक्सेल यांना त्या कामासाठी ऑस्कर मिळाले. वेगवान चित्रपट आणि गोंधळलेला चित्रपट यांतला फरक या साध्या सूचनेत आहे. पुष्कळ चित्रपटांत ठोसा सुरू होतो एका तुकड्यात आणि लागतो दुसऱ्यात. मधला हात दिसतच नाही. नटाला लढता येत नाही, हे झाकण्याचा तो उपाय असतो.

‘जॉन विक’चे दिग्दर्शक चॅड स्टाहेल्स्की स्वतः साहसदृश्ये करणारे, ‘मेट्रिक्स’मध्ये कियानू रीव्ह्ज यांच्या जागी ते उड्या घेत. आपल्या चित्रपटांत ते कॅमेरा मागे नेतात, नटाचे सबंध शरीर दाखवतात आणि तुकडा लांबू देतात. मालिकेच्या २०२३ च्या चौथ्या भागात नायकाला सूर्योदयापूर्वी पॅरिसच्या साक्रे-कर मंदिराशी पोहोचायचे असते. मध्ये २२२ पायऱ्या. तो लढत लढत बराच वर चढतो, आणि तिथून गडगडत थेट तळाशी येतो. चढण पुन्हा पहिल्या पायरीपासून. प्रेक्षागृहात या जागी हशा आणि हळहळ एकदमच उठते. जिना चढवून ठोका काढून घेण्याची नृत्यगृहातली युक्तीच ही, दगडी पायऱ्यांवर वापरलेली.

हिंदीतले दोन अलीकडचे चित्रपट शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. २०२३ च्या ‘ॲनिमल’मध्ये हॉटेलच्या मार्गिकेत नायक कुऱ्हाड घेऊन मुखवटे घातलेल्या टोळीवर तुटून पडतो, आणि तिथे ‘जाऊंद्या ना बाळासाहेब’ या २०१६ च्या मराठी चित्रपटातले, डॉल्बीवाल्याला हाक घालणारे गाणे वाजते. ठोका आणि ठोसा यांची सांगड चोख बसली आहे, यात शंका नाही. परंतु पडणाऱ्यांना चेहरेच नाहीत. दहावा पडला काय आणि साठावा पडला काय, प्रेक्षकाला हिशेब राहत नाही. म्हणजे पुनरावृत्ती आहे, पण तिच्यातून काही साठत नाही. निखिल नागेश भट यांचा ‘किल’ २०२४ मध्ये आपल्याकडे प्रदर्शित झाला. दिल्लीकडे धावणाऱ्या आगगाडीचा अरुंद डबा, दरोडेखोरांची टोळी आणि एक कमांडो. रक्तपात ‘ॲनिमल’हून कमी नाही, काही जागी तो असह्यच आहे. मात्र ती टोळी म्हणजे एक कुटुंब आहे. काका, पुतणे, भाऊ. मेलेल्यासाठी तिथे कोणीतरी रडते. चित्रपटाचे नाव पडद्यावर येते तेच जवळजवळ मध्याला, नायकाच्या प्रेयसीच्या हत्येनंतर; आणि त्यानंतरचा प्रत्येक घाव निराळ्या वजनाचा वाटतो. भरताच्या नाट्यशास्त्राने युद्ध आणि मरण रंगमंचावर प्रत्यक्ष दाखवू नये, त्याची वार्ता कळवावी, असा नियम घातला. चित्रपटाने तो कधीच मोडला आहे. निदान मरणाची वार्ता कोणाला तरी पोहोचली पाहिजे, एवढी अपेक्षा उरते, आणि ‘किल’ ती पुरी करतो.

या करमणुकीची किंमत खरी माणसे मोजतात, हेही सांगितले पाहिजे. पायऱ्यांवरून गडगडणारा देह कोणाचा तरी असतो. साहसदृश्यांच्या रचनेसाठी स्वतंत्र ऑस्कर देण्याचा निर्णय २०२५ साली जाहीर झाला. तो २०२७ मध्ये प्रदर्शित होणाऱ्या चित्रपटांपासून लागू होणार आहे. ऑस्करची पहिली पारितोषिके १९२९ साली वाटली गेली होती. इतका काळ या लोकांनी मान्यतेवाचून हाडे मोडून घेतली.

संगीताच्या बाजूने किंमत मोजतो तो कान. महाराष्ट्रात मिरवणुकीपुढच्या ध्वनिवर्धकांच्या भिंतीला ‘डॉल्बी’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. रे डॉल्बी या अभियंत्याने १९६० नंतरच्या दशकात जो शोध लावला, तो ध्वनिफितीवरची नको असलेली खरखर कमी करण्याचा होता; त्याचे नाव या भिंतीला मिळावे, हा त्याच्यावर अन्यायच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली संगीताच्या ठिकाणांसाठी सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली. ऐंशी डेसिबलचा आवाज आठवड्याला चाळीस तास ऐकला तरी निभते. डेसिबलचे माप मात्र गुणाकाराने चढते, म्हणून दर तीन डेसिबलमागे ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्म्यावर येते. शंभरावर हा हिशेब आठवड्याला अर्ध्या तासाहून कमी उरतो. आपल्याकडे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकांना उघड्यावर बंदी आहे. सणासुदीसाठी राज्य सरकारला वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत मध्यरात्रीची सवलत देता येते. या नियमावर रसिकांनी रुष्ट होण्याचे कारण नाही. खर्ज परत येण्याचा तो क्षण ऐकणाऱ्याने वाट पाहिली म्हणून रंगतो, आणि वाट पाहण्यासाठी शाबूत कान लागतात. युरोपातील पुष्कळ नृत्यगृहांत दाराशीच कानात घालण्याचे बोळे मिळतात; आणि रात्रभर यंत्रांपाशी उभे राहणारे अनुभवी वादक ते न चुकता वापरतात.