एक ओळ, अनेक भाषा

बेंगळुरूतल्या चर्चमधल्या संगीतावर लिहा, असं संपादक म्हणाले तेव्हा डोळ्यांपुढे ऑर्गन आणि चार आवाजांचा गायकवृंद आला. पण मी अडकलो हचिन्स रोडवरच्या एनबीसीएलसी (नॅशनल बिब्लिकल, कॅटेकेटिकल अँड लिटर्जिकल सेंटर) या कॅथलिक केंद्रातल्या भजनात.

ही संस्था कॅथलिक बिशपांनी १९६७ साली काढली. पहिले संचालक फादर अमलोरपवदास. १९६९ मध्ये रोमने भारतीय उपासनेसाठी बारा बदल मान्य केले: चपला बाहेर, बैठक जमिनीवर, मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा, पंचांग प्रणाम, आरती. ते रुजवण्याचं काम इथून चाललं.

इथल्या गाण्याची सगळी कळ पुनरावृत्तीत. पुढचा ओळ सांगतो, बाकीचे उचलतात. आपल्या वारकरी भजनात लय चढत जाते, टाळ तापतात, गजर होतो. इथल्या ध्यानाच्या भजनात ओळ तीच राहते आणि आवाज मात्र उतरत जातो. पेटीवाल्याने हौसेने एक जादा हरकत घेतली की बैठक मोडली! थांबायचं कधी, हे कुठल्याच वहीत लिहिलेलं नसतं. ते पुढच्याने ओळखायचं. चार आवाजांची बांधणी याहून सोपी असावी, असं मला वाटतं.

फ्रान्समधल्या तेझे गावी ब्रदर रोजे यांनी १९४० साली सुरू केलेल्या मठातही हीच युक्ती. देशोदेशीची तरुण मुलं जमू लागली, लांबलचक स्तोत्रं कोणाला येईनात. मग जाक बर्तिए या संगीतकाराने छोट्या ओळी बांधल्या, पुष्कळशा लॅटिनमध्ये. लॅटिन आता कोणाच्याच घरची नाही, त्यामुळे सगळ्यांना सारखीच परकी.

बेंगळुरूत घोडं इथेच अडलं. भारतीय वळणाच्या नावाखाली संस्कृत आली, ओंकार आला. जुन्या वळणाचे कॅथलिक म्हणाले, हे हिंदूकरण. दलित ख्रिस्ती विचारवंतांचा आक्षेप जास्त बोचरा होता: ज्या देवळांनी आम्हाला दाराबाहेर ठेवलं, त्यांचीच भाषा इथेही? संस्कृतही कोणाच्या घरची नाही, पण ती कोणाच्या ताब्यात होती हे सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. शिवाय उपासना कन्नडमध्ये की तमिळमध्ये, हा धर्मप्रांतातला तंटा कित्येक दशकांचा. अमलोरपवदास १९९० मध्ये अपघातात गेले. वाद मागे राहिले.

आपल्याकडे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंगाचा साचा घेतला आणि भाषा मराठीच ठेवली. ती पदं मराठी ख्रिस्ती मंडळी अजून म्हणतात. बेंगळुरूला एका भाषेवर भागणार नाही. चाल एकच ठेवावी आणि ओळ आळीपाळीने कन्नड, तमिळ, कोंकणीत म्हणावी. ओळ छोटी असल्याचा एवढा फायदा तरी घ्यायला हवा.