१२ माणसं, अडीच तारे

खर्च १ कोटी ५० लाख डॉलर, अमेरिकेतली तिकीटविक्री सुमारे १ कोटी ९६ लाख. जॉन कार्पेंटरच्या ‘द थिंग’चे हे आकडे वरवर नफ्याचे दिसतात. पण तिकिटाच्या पैशातला जवळपास निम्मा वाटा थिएटरवाल्यांचा असतो. म्हणजे स्टुडिओचा खर्चही वसूल झाला नाही.

२५ जून १९८२ रोजी हा सिनेमा ८४० थिएटरांत लागला. पहिल्या तीन दिवसांत ३१ लाख डॉलर, म्हणजे थिएटरमागे जेमतेम ३,७००. क्रमांक आठवा. त्याच दिवशी ‘ब्लेड रनर’ही आला. आणि दोनच आठवड्यांपूर्वी आलेल्या ‘ई. टी.’ने पुढे एकट्या अमेरिकेत ३५ कोटींचा आकडा पार केला. त्या उन्हाळ्यात लोकांना परग्रहावरचा लाडका पाहुणा मिळाला होता. माणसाला गिळून त्याचंच रूप घेणारा जीव कुणाला पाहायचा नव्हता.

समीक्षकही तुटून पडले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या व्हिन्सेंट कॅन्बी यांनी सिनेमा पार मोडीत काढला. रॉजर ईबर्ट यांनी चारपैकी अडीच तारे दिले. पात्रं उथळ आहेत, ही त्यांची मुख्य तक्रार. एन्नियो मोरिकोनेंच्या संगीताला तर वर्षातल्या सर्वांत वाईट संगीताच्या रॅझी पुरस्काराचं नामांकन मिळालं.

पात्रांविषयीची ती तक्रार मला मुळातच पटत नाही. अंटार्क्टिकातल्या तळावर १२ पुरुष अडकलेत आणि त्यांतला कोण अजून माणूस आहे, हे कुणालाच ठाऊक नाही. रक्ततपासणीचा प्रसंग आठवा. काचेच्या बशीत प्रत्येकाचं थोडं रक्त, मॅक्रेडी झालेल्या कर्ट रसेलच्या हातात तापवलेली तार. तार टेकते, चर्र आवाज होतो, पुढची बशी. सगळ्यांची नजर त्या बशीवर खिळलेली. या माणसांची मनं आपल्याला आधीच उलगडून दाखवली असती, तर त्या तारेत कसला जीव उरला असता?

आज रॉटन टोमॅटोजवर ८० टक्क्यांहून अधिक परीक्षणं अनुकूल आहेत. मोरिकोनेंना २०१६ मध्ये ‘द हेटफुल एट’साठी ऑस्कर मिळालं. तोही बर्फात कोंडलेल्या माणसांचा सिनेमा, त्यातही कर्ट रसेल; आणि त्यात ‘द थिंग’साठी लिहून न वापरलेलं संगीतही घेतलेलं आहे.

दक्षिण ध्रुवावरच्या अमेरिकी तळावरून फेब्रुवारीत शेवटचं विमान उडतं. पुढचे आठेक महिने तिथे चाळीसेक माणसं उरतात. विमान गेलं की ती एकत्र बसून ‘द थिंग’ पाहतात.