नशेच्या यादीबाहेरचा खर्रा

नागपुरात तरुणांच्या नशेचा विषय निघाला की गांजा आणि एमडी ही दोनच नावं पुढे येतात. त्यांची काळजी वाटणं योग्यच आहे. पण नशेमुळे पुरुषांना होणाऱ्या कॅन्सरचा हिशेब मांडायचा तर सुरुवात पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून बनवल्या जाणाऱ्या खर्र्यापासून करावी लागते. नागपूरच्या कर्करोग नोंदणीत पुरुषांमध्ये तोंडाचा कॅन्सर आघाडीवर आहे. खर्र्याला आपण ‘शौक’ म्हणतो. तरी तंबाखूतलं निकोटिन आणि सुपारीतलं अरेकोलिन ही दोन्ही मेंदूवर काम करणारी, तलफ लावणारी द्रव्यं आहेत. चुन्यामुळे निकोटिन गालाच्या अस्तरातून झपाट्याने रक्तात उतरतं, म्हणून तर तो घालतात. घास तासन्‌तास एकाच गालात राहतो आणि तंबाखूतली कर्कजनक नायट्रोसअमाइन्स तेवढा वेळ त्याच जागी मुरत राहतात.

गांज्याबद्दलही पुरावा आहे, पण तो वेगळ्या अवयवाकडे बोट दाखवतो. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल परिसरातल्या पुरुषांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. नियमित गांजा ओढणाऱ्यांत वृषणाच्या एका प्रकारच्या कॅन्सरचं प्रमाण जास्त दिसलं. तो संबंध गंभीरपणे घ्यायला हवा, मात्र आपल्याकडे वृषणाचा कॅन्सर मुळात विरळा. शिवाय चिलमीत बहुधा तंबाखूही असते, त्यामुळे फुप्फुसांच्या बाबतीत दोष कुणाचा किती, हे वेगळं काढणं संशोधकांना अवघड जातं. अफूवर मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२० मध्ये कर्कजनक असा स्पष्ट शिक्का मारला. त्याच संस्थेने नुसत्या सुपारीला हा शिक्का २००३ मध्येच दिला होता. म्हणून ‘मी तंबाखू सोडली, आता फक्त सुपारी खातो’ या समाधानाला आधार नाही. तैवानमध्ये विड्यात तंबाखू घालत नाहीत, तरी तिथे विडा खाणाऱ्या पुरुषांत तोंडाचा कॅन्सर मोठ्या प्रमाणावर आढळतो.

‘आमचे आजोबा ऐंशीपर्यंत खात होते’ हे उत्तर घरोघरी ऐकू येतं. ते खरंही असेल. धोका म्हणजे प्रत्येकाला होणारा आजार नव्हे. पण कुणाचे आजोबा वाचतील हे आधी सांगता येत नाही. सुपारीने गालाच्या आत कोलॅजेनचे तंतू साठतात, तिखट झोंबू लागतं, मग तोंड पुरतं उघडत नाही. केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यात अशा रुग्णांचा सतरा वर्षं पाठपुरावा झाला, तेव्हा सात-आठ टक्क्यांना कॅन्सर झालेला आढळला. विशी-तिशीतल्या मुलाला दोन बोटंही तोंडात नीट घालता येत नसतील, तर हा आकडा लहान म्हणता येत नाही.

‘बंदी आहे ना?’ असंही विचारलं जातं. राज्यात गुटखाबंदी २०१२ मध्ये आली. पण खर्रा कारखान्यात बनत नाही; सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र आले की तो कुठल्याही ठेल्यावर तयार होतो. बंदीपेक्षा मला जास्त भरवसा वाटतो तो सोडायला मदत करण्यावर. ‘इतकी वर्षं खाल्ला, आता सोडून काय उपयोग?’ असं म्हणणाऱ्यांसाठीही एर्नाकुलममध्येच उत्तर आहे. तिथे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या संशोधकांनी हजारो तंबाखूसेवकांना दहा वर्षं समुपदेशन केलं. ज्यांनी सवय सोडली, त्यांच्या तोंडात कॅन्सरआधीचे पांढरे चट्टे नव्याने उठण्याचं प्रमाण स्पष्टपणे घटलं.